वडिलांचं जुनं आउटबोर्ड इंजिन: दुरुस्त करावं की काढून टाकावं?

पेडणे तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. नोकरी म्हापशाला, घर तेरेखोल नदीपासून हाकेच्या अंतरावर. वडील मासेमार, दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांनी १९९० च्या आसपास घेतलेलं १५ हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक यामाहा आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, मांगरात लाकडी घोडीवर उभं आहे. सहा-सात वर्षं ते कुणी सुरू केलेलं नाही, पण ‘बंद ठेवलं तेव्हा व्यवस्थित चालत होतं’ असं घरात सगळे सांगतात. फायबरची लहान होडी मात्र धड आहे. गावातल्या एका मिस्त्रीने बाहेरूनच बघून ‘पंचेचाळीस हजारांत नव्यासारखं करून देतो’ म्हटलं. थोरला भाऊ म्हणतो, भंगारात घाल, नवीन फोर-स्ट्रोक घेऊ, अर्धे पैसे मी देतो. आई म्हणते, इंजिन घराबाहेर जाता कामा नये; तिला ते चालताना बघायचंय, असं पत्रलेखकाला वाटतं. पत्रलेखकाला सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन नदीत गरी टाकायला जायचंय. ते विचारतात: यावर पैसे घालणं शहाणपणाचं आहे का? आणि नाही घातले, तर वडिलांची आठवण मीच भंगारात काढली असं होईल का?

*

तुमचं पत्र इंजिनाबद्दल आहे, पण त्यातला निम्मा मजकूर आई आणि भावाबद्दल आहे. म्हणून आधी घरातलं बोलू, मग पाना हातात घेऊ.

आई म्हणाली, इंजिन घराबाहेर जाता कामा नये. ते सुरू करा, असं ती म्हणालेली नाही. ‘आईला ते चालताना बघायचंय’ हे तुम्ही तुमच्या मनाने जोडलंत. एकदा तिच्याजवळ बसून सरळ विचारा. इंजिन मांगरातच राहिलं, पुसून-रंगवून ठेवलं, तर तिला चालेल का? कदाचित तेवढ्यानेच तिचं समाधान होईल. कदाचित तुम्ही मुलांना घेऊन नदीत जाणार, याचीच तिला धास्ती असेल आणि इंजिनाचा विषय त्यापुढे फार लहान असेल. नवरा दर्यावर गेलेला असताना किनाऱ्यावर वाट बघत ज्या बाईने आयुष्य काढलं, तिचं म्हणणं तुमच्या आणि माझ्या अंदाजापेक्षा वेगळं निघू शकतं.

भावाचंही तसंच. तो अर्धे पैसे द्यायला तयार आहे, म्हणजे होडी पाण्यात जावी असं त्यालाही वाटतं. त्याला वडिलांची किंमत नाही, असा सूर तुमच्या पत्रात हलकासा लागलाय. तो बरोबर वाटत नाही. शिवाय इंजिन वडिलांचं, म्हणजे त्यात वाटा त्याचाही आहे. निर्णय दोघांनी मिळून घ्या.

आता तुमचा मुख्य प्रश्न. ‘पैसे घालावेत का’ याचं उत्तर आज कुणीही देऊ शकत नाही, तो मिस्त्रीसुद्धा नाही. न उघडलेल्या इंजिनाला पंचेचाळीस हजार हा आकडा आला कुठून? तो माणूस लबाड असेल असं मी म्हणत नाही. पण आत पिस्टन जाम असेल तर तेवढ्यात भागणार नाही, आणि नुसता कार्बोरेटर चोंदला असेल तर त्याच्या दशांशातही काम होईल. ‘बंद ठेवलं तेव्हा चालत होतं’ या वाक्यावरही फार विसंबू नका. तुमच्या घरातले खोटं बोलत नाहीत. पण खाऱ्या पाण्यातून काढलेलं इंजिन गोड्या पाण्याने न धुता उभं केलं, तर पुढची सगळी खराबी ते बंद असतानाच होते. शेवटच्या दिवशी ते गोड्या पाण्यात चालवून धुतलं होतं का, हे आईला किंवा वडिलांबरोबर होडीवर जाणाऱ्या कुणाला तरी विचारा. त्या एका उत्तराने बराच उलगडा होईल.

मी आयटीआयमध्ये वर्षानुवर्षं इंजिनं शिकवली. मुलांना नेहमी सांगायचो, आधी फुकटातली तपासणी, मग स्वस्तातली, महागातली सगळ्यात शेवटी. प्रत्येक पायरीवर ‘इथेच थांबू’ म्हणायची मुभा आपल्याकडे असली पाहिजे. तुम्हीही तसंच करा.

सुरुवात डोळ्यांनी करा. सगळे पॉवरहेडकडे, म्हणजे वरच्या मुख्य यंत्राकडे धावतात. तुम्ही आधी इंजिन होडीच्या मागच्या फळीला जिथे पकडतं तो ब्रॅकेट बघा. दोन मोठे पकड-स्क्रू हाताने फिरतात का? रंग फुगून खाली पांढरी पूड जमली आहे का? फुगलेल्या जागी जुन्या स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबा. नुसता रंग निघून खाली टणक धातू लागला तर काळजीचं कारण नाही. टोक आत रुतलं आणि ॲल्युमिनियमचे पापुद्रे सुटायला लागले, तर ते इंजिन होडीला लावायचं नाही, मग आतलं यंत्र कितीही सुरेख असो. कारण भर वेगात ब्रॅकेट तुटला तर इंजिन नदीत जातं, आणि त्या वेळी हात टिलरवर (इंजिन वळवायच्या दांड्यावर) असलेला माणूस कुठे फेकला जाईल सांगता येत नाही. बहुतेक जुन्या इंजिनांवर मॉडेल आणि अनुक्रमांकाची पट्टी याच भागावर असते. ती घासून साफ करा आणि फोटो काढून ठेवा. पुढे भाग मागवताना तिच्याशिवाय काही होत नाही.

मग गियर ऑइल. ही तपासणी मला सगळ्यात आवडते, कारण ती काहीच लपवू देत नाही. पाण्यात फिरणाऱ्या पंख्याला लागून असलेल्या गियरच्या घरावर दोन स्क्रू असतात, एक तळाशी आणि एक वर. खाली पांढरा डबा ठेवा. वरचा स्क्रू तसाच बंद ठेवून खालचा अगदी थोडा सैल करा. इंजिन इतकी वर्षं उभंच असल्यामुळे आत पाणी शिरलं असेल तर ते तेलाखाली बसलेलं असणार, म्हणजे पहिलं तेच गळेल. नुसतं तेल आलं, काळपट का असेना, तर फार चांगली खूण. दुधाळ, चहासारखं आलं तर सील गेलीत. सील स्वस्त असतात, त्यामुळे लगेच निराश होऊ नका. मात्र खारं पाणी सहा-सात वर्षं आत बसून राहिलं असेल, तर बेअरिंग आणि गियर गंजलेले असू शकतात, आणि ते महाग पडतं. आता वरचा स्क्रू काढून सगळं तेल बाहेर येऊ द्या आणि चिमूटभर तेल दोन बोटांत चोळून उन्हात धरा. बारीक राखाडी पेस्ट असेल तर ती वयाची झीज. चमचमते कण किंवा नखाला लागतील असे तुकडे असतील, तर गियर तुटतायत.

त्यानंतर इंजिन फिरतं का ते बघायचं. लगेच दोरी ओढू नका. दोन्ही प्लग काढा, त्या भोकांतून थोडं टू-स्ट्रोक ऑइल सोडा, दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. मग प्लग न लावता फ्लायव्हील (वरचं जड चाक) हाताने फिरवून बघा, वरून पाहताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच. उलटं फिरवलं तर खाली पाण्याच्या पंपातल्या इंपेलरची रबरी पाती मुडपतात. हललंच नाही तर डिझेल किंवा गंज सोडवणारं तेल घालून आठवडाभर थांबा. फ्लायव्हीलवर हातोडा कुणालाही मारू देऊ नका. ते काढायला पुलर (ओढून काढायचं अवजार) लागतो, आणि पुलर नसलेल्या मिस्त्रीला हे काम देऊ नये.

फिरायला लागलं की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते बघायचं. मोटारसायकलच्या चांगल्या गॅरेजमध्ये गेज मिळतो. दोन्ही प्लग बाहेर, प्लगच्या वायरी ब्लॉकला अर्थ केलेल्या, थ्रॉटल पूर्ण उघडा. काटा चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढा. अशा टू-स्ट्रोकला साधारण १०० पीएसआयच्या वर आकडा आला आणि दोन सिलिंडरमधला फरक दहा टक्क्यांच्या आत राहिला, तर तब्येत उत्तम समजा. आकड्यापेक्षाही फरक महत्त्वाचा. ११० आणि १०५ असेल तर पुढे चला. ११० आणि ७० असेल तर एका सिलिंडरमध्ये रिंग चिकटल्यात किंवा भिंत ओरबाडली गेलीय, आणि हेड उघडल्याशिवाय पुढचा पैसा घालायचा नाही. तुमचं इंजिन पेट्रोलवर सुरू करून केरोसिनवर चालवायच्या मॉडेलचं असेल, तर आकडा मुळातच कमी येईल. अशा इंजिनांत कॉम्प्रेशन कमीच ठेवलेलं असतं. हे माहीत नसल्यामुळे चांगली इंजिनं वाया गेली म्हणून टाकली जातात.

ठिणगी बघणं सोपं आहे. प्लग वायरीला लावून ब्लॉकला टेकवायचा आणि दोरी ओढायची. फक्त जवळपास पेट्रोल नको. त्याआधी किल-स्विचची (इंजिन झटकन बंद करणाऱ्या स्विचची) क्लिप जागेवर आहे ना ते बघा. ती नसल्यामुळे ‘सीडीआय गेला’ (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक भाग) असं निदान करून महागडा भाग बदलल्याची उदाहरणं आहेत.

इथवर तुमचा खर्च तेल, थोडे प्लग आणि गॅरेजवाल्याच्या चहापाण्याएवढाच झालेला असेल. तरीही इंजिनाबद्दल त्या पंचेचाळीस हजारांच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त तुम्हाला कळलेलं असेल.

या सगळ्या गोष्टी बऱ्या निघाल्या तर स्वस्तातली पायरी घ्या. इंपेलर न बघताच बदला, रबर इतकी वर्षं एका बाजूला दाबून बसलं की पुन्हा सरळ होत नाही. कार्बोरेटर उघडून धुवा. इंधन पंपाचा पडदा, पाइप आणि हाताने दाबायचा रबरी बल्ब नवीन घाला. यात कंजुषी नको, कारण तुमचं इंजिन ज्या काळातलं आहे तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हतं. आज पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते जुनं रबर फुगवतं, मऊ करतं, शिवाय हवेतला ओलावा ओढून घेतं. आपल्याकडच्या हवेत पावसाळाभर टाकीत ठेवलेल्या पेट्रोलचं काय होतं, ते टाकीच्या तळाशी साचलेलं पाणी बघितलं की कळतं. इथेनॉल चालेल असाच पाइप मागा. प्रत्येक खेपेनंतर पाइप काढून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवायचं, आणि उरलेलं पेट्रोल स्कूटरला न घालता बाजूला काढायचं, कारण त्यात ऑइल मिसळलेलं असतं. ऑइल आउटबोर्डचंच, टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं घ्या. प्रमाण तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा. अनेक इंजिनांना ५०:१ असतं, म्हणजे लिटरला २० मिली.

पहिल्यांदा सुरू करताना इंजिन पाण्याच्या पिंपात, पंख्याच्या वरची आडवी पट्टी बुडेल इतकं खोल. कोरडं कधीही नाही, ‘एकच सेकंद’ म्हणूनसुद्धा नाही. आणि मांगराबाहेर, उघड्यावर. बंद जागेत धुराने माणसं बेशुद्ध पडतात. सुरू होताच मागून पाण्याची बारीक धार यायला हवी. थोड्या वेळात आली नाही तर लगेच बंद करा. पंप, नाहीतर आतले पाण्याचे मार्ग मिठाने चोंदलेले असणार. इथे एक धोका आधीच सांगतो. ते मार्ग साफ करायला झाकण काढावं लागतं, आणि जुन्या ॲल्युमिनियममध्ये बसलेले स्टीलचे बोल्ट डोक्यातून तुटतात. एक तुटला की तो ड्रिल करून काढण्यात दिवस जातो. ‘पंचेचाळीस हजार’चे सत्तर हजार होतात ते बहुधा इथे. म्हणून मिस्त्रीला आधीच विचारा, बोल्ट तुटला तर त्याचे पैसे कसे धरणार?

मिस्त्रीशी बोलणी अशी करा: उघडून बघायचे पैसे वेगळे द्या, मग भागांची यादी लिहून घ्या, आणि जुने भाग परत मागा. चांगला कारागीर याला हरकत घेत नाही. तरीही मर्यादा हवीच. तशाच ताकदीचं, चालू स्थितीतलं जुनं इंजिन आज ज्या भावाला मिळतं, त्याच्या निम्म्यावर दुरुस्ती गेली की मी थांबेन. तो भाव शापोरा किंवा मालीमच्या धक्क्यावर चार माणसांना विचारलात की कळेल. आठवणीसाठी त्याहून जास्त घालायचे असतील तर जरूर घाला, पण ते भावाच्या वाट्यातून नको.

एका बाबतीत तुमचं नशीब चांगलं आहे. यामाहाची लहान टू-स्ट्रोक इंजिनं किनाऱ्यावर इतकी पसरलेली आहेत की सील, इंपेलर, रिंग मिळवायला फार भटकावं लागत नाही. ज्या वाचकांकडे जुनं इव्हिनरूड किंवा जॉन्सन आहे, त्यांनी आधी भागांची चौकशी करावी आणि मगच पाना उचलावा. इव्हिनरूड आउटबोर्डचं उत्पादन २०२० मध्ये कायमचं बंद झालं. भाग अजून मिळतात, पण ते बाहेरून मागवावे लागतात आणि वाट बघावी लागते.

भावाच्या फोर-स्ट्रोकबद्दलही बोललं पाहिजे. त्याचं म्हणणं साधार आहे. जुनं कार्बोरेटरचं टू-स्ट्रोक इंजिन पाव भागापर्यंत इंधन न जळताच धुराड्यातून पाण्यात सोडतं. तेरेखोलच्या खारफुटीत मुलांना पक्षी, कुर्ल्या दाखवायला जायचं आणि मागे तेलाचा तवंग सोडायचा, हे मला मनापासून खटकतं. फोर-स्ट्रोक कमी पितं, कमी ओरडतं, त्याच्याजवळ बोललेलं ऐकू येतं. पण ते त्याच ताकदीच्या टू-स्ट्रोकपेक्षा बरंच जड असतं. धक्क्यावरून एकट्याने उचलून होडीला लावणं जमेल का, लहान होडीची मागची फळी ते पेलेल का, हे बघूनच पैसे द्या. शाफ्टची लांबीही, १५ इंची की २० इंची, फळीला जुळायला हवी. आणि नवीन म्हणजे निर्धास्त, असं नाही. धुतलं नाही तर मीठ नव्या इंजिनालाही खातं.

तिसरी वाट तुमच्या पत्रात नाहीच. नदीत गरी टाकायला १५ हॉर्सपॉवर लागते का? वडिलांना लागत होती, कारण ते जाळी भरून मुखाबाहेरून परत यायचे. तुम्ही दोन मुलांना घेऊन ओहोळाच्या तोंडाशी शेवटो-तामसो पकडायला जाणार. लहान होडीला ८ हॉर्सपॉवरचं, थोडंच वापरलेलं इंजिन पुरेल. ते नव्या १५ पेक्षा स्वस्त, हलकं, आणि भावाबरोबर निम्मे-निम्मे करायलाही सोपं. मग वडिलांचं इंजिन घाई न करता, दर रविवारी थोडं थोडं, मुलांना हाताशी घेऊन उघडता येईल. तपासणी चांगली निघाली तरीही मला हीच वाट जास्त पटते. ज्या इंजिनावर मुलांचा जीव सोपवायचा, ते तुमच्या प्रयोगाचं इंजिन असू नये.

वडिलांचंच लावायचं ठरलं, तर पहिला हंगाम नदीतच राहा, केरीच्या फेरीबोटीच्या धक्क्यापलीकडे मुखाकडे जाऊ नका. सुकतीच्या वेळी तिथली ओढ आणि वाळूच्या पट्ट्यावर फुटणारी लाट तुम्हाला माहीत आहेच. भर ओहोटीत इंजिन बंद पडलं तर होडी बाहेरच जाते. दोन वल्ही, नांगर आणि पुरेशी दोरी, प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट, मुलांच्या मापाची वेगळी. किल-स्विचची दोरी मनगटाला. पहिल्या काही फेऱ्या मुलांशिवाय, भावाला बरोबर घेऊन. आणि भरतीच्या सुरुवातीला निघा, म्हणजे बंद पडलंच तर पाणी तुम्हाला आत, घराकडे आणेल.

होडीचे कागद वडिलांच्या नावावर असतील तर तेही करून घ्या. मासेमारीची नोंद असेल तर मत्स्योद्योग खात्यात, नसेल तर पणजीला कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे चौकशी करा. मत्स्योद्योग खात्यात गेलातच तर इंजिनासाठी सध्या एखादी योजना चालू आहे का, तेही विचारा.

आणि तपासणीत ब्रॅकेटमध्ये टोक रुतलं, गियरचे तुकडे निघाले, कॉम्प्रेशन गेलेलं निघालं तर? तरीही भंगारवाल्याला वजनावर देऊ नका. पंखा, हूड, कार्बोरेटर, स्टार्टरचा भाग, असं एकेक सुटं करा. तेच मॉडेल वापरणारा एखादा पागी ते आनंदाने घेईल, आणि त्याची होडी त्यावर आणखी काही वर्षं चालेल. हूड आणि पंखा आईसाठी ठेवायचे असतील तर आधी तिला विचारा.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात होड्या वर ओढलेल्या असतात आणि गावातली जाणती माणसं घरी असतात, म्हणून इंजिन उघडायचं मोठं काम तेव्हा काढा. ब्रॅकेट आणि गियर ऑइलची तपासणी मात्र येत्या रविवारीच करा, भावाला बोलावून. काय निघालं ते अनुक्रमांकासकट एका कागदावर लिहा आणि तो कागद घेऊनच मिस्त्रीकडे जा. त्याने आकडा बदलला तर का बदलला, ते विचारा.